परदेशातील पंप ट्रॅक : मातीकडून डांबराकडे झालेल्या प्रवासाची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा अमेरिकेतील एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात सायकल अथवा स्केटबोर्ड घेऊन गेलेल्या माणसाला आज सार्वजनिक उद्यानात पंप ट्रॅक, म्हणजे पॅडल न मारता शरीराच्या दाबाने वेग घेत फिरण्याचा उंचवट्यांचा आणि कललेल्या वळणांचा बंद फेरा, सापडण्याची बरीच शक्यता असते, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी शुल्क किंवा नावनोंदणी लागत नाही. ही स्थिती अलीकडची आहे. वीस वर्षांपूर्वी परक्या गावात असा ट्रॅक शोधून काढणे जवळजवळ अशक्य होते, कारण तो असलाच तर ज्यांनी खणला त्यांच्या ओळखीवरच तिथे प्रवेश मिळत असे. मधल्या काळात स्पर्धा, प्रायोजक आणि पालिकांचा पैसा असे बरेच काही आले. पण निर्णायक ठरला तो पृष्ठभाग बदलण्याचा निर्णय, आणि त्यावर अजूनही एकमत नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मुले मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या, अनुकरणाने मातीच्या उंचवट्यांवर सायकली पळवू लागली. त्यातून बीएमएक्सची, म्हणजे लहान चाकांच्या सायकलींची, शर्यत घडली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. त्याच दशकात पॉलियुरेथेनची चाके आली आणि स्केटबोर्डसाठी काँक्रीटचे नागमोडी उतार बांधले जाऊ लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ऑल्बनी येथे १९७६ मध्ये बांधलेला असा उतार अद्याप टिकून आहे. मात्र या दोन्ही प्रकारांत सुरुवातीचा वेग उताराकडून मिळतो : बीएमएक्सची शर्यत उंच मंचावरून सुटते आणि नागमोडी उतार टेकडीवरून खाली येतो. सपाट जागेवरच्या बंद फेऱ्यात, पॅडल न मारता किंवा जमिनीला पाय न लावता, केवळ हातापायांच्या दाबाने वेग निर्माण करणे ही पंप ट्रॅकची स्वतःची कल्पना आहे. झोक्यावर उभे राहून झोका चढवणारे मूल नेमके हेच करते : खालच्या टोकाला, जिथे शरीर सर्वाधिक जड भासते, तिथे ते उठते आणि वरच्या टोकाला, जिथे ते हलके भासते, तिथे गुडघे वाकवते. दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागात हीच ताकद लावली की चाके पुढे ढकलली जातात.

या कल्पनेला आजचे रूप देण्याचे श्रेय बहुधा डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून सायकल पळवण्याच्या, प्रकारातील सायकलपटूंना दिले जाते. ऑस्ट्रेलियात सरावासाठी केलेले मातीचे ट्रॅक आधीचे मानले जातात. अमेरिकेतील पहिला म्हणून सांगितला जाणारा ट्रॅक २००४ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे एका सायकल दुकानाशी जोडून तयार झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत घरामागच्या अंगणात ट्रॅक कसा खणावा, याची माहिती सर्वत्र पसरली. उंचवट्याची उंची ही दोन उंचवट्यांमधील अंतराच्या साधारण एक दशांश ठेवावी, म्हणजे तीन मीटर अंतराला तीस सेंटिमीटर, हा ढोबळ नियम त्याच काळातला आहे. फावडे, पाण्याची नळी आणि मित्रांचे शनिवार-रविवार एवढ्या भांडवलावर हे काम होत असे.

मातीच्या ट्रॅकला मात्र सतत राखावे लागते. पावसानंतर कडा विरघळतात, उन्हाळ्यात माथे भुसभुशीत होतात, आणि चार-सहा आठवडे कोणी फिरकले नाही तर आकारच हरवतो. त्यामुळे जो खणेल तोच त्यावर सायकल चालवील, असा रिवाज या मंडळींत पडला आणि तो न्याय्यही होता. पण त्या रिवाजाचा अर्थ असाही होता की बाहेरून आलेल्या माणसाला ट्रॅकचा पत्ता मिळत नसे, ओला ट्रॅक चालवून बिघडवणाऱ्याला हाकलले जाई, आणि स्केटबोर्डच्या लहान, टणक चाकांना तर मातीवर जागाच नव्हती. शिवाय यांतले कितीतरी ट्रॅक परवानगीविना जंगलात किंवा पडीक जमिनीवर झालेले असल्याने जमीनमालक अथवा पालिका ते केव्हाही सपाट करून टाकीत.

२०१० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डाउनहिल शर्यतींतून आलेल्या एका छोट्या चमूने ट्रॅकवर डांबर घालण्यास सुरुवात केली, तेव्हा तिला झालेला विरोध प्रामुख्याने आतून होता. आक्षेप पोकळ नव्हते. मातीचा उंचवटा आवडला नाही तर संध्याकाळी बदलता येतो. डांबराचा आकार एकदा चुकला की तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. पडल्यावर माती माफ करते, डांबर कातडी सोलून काढते. खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि तो पालिकेशिवाय कोणाला परवडत नाही. म्हणजे ट्रॅक कसा असावा याचा अधिकार चालवणाऱ्यांकडून निविदेकडे जातो. याहून खोल दुखणे असे होते की फावडे हाती घेऊन शिकलेली पिढी त्यानंतर घडणार नाही. जे ट्रॅकची माती ओळखतात ते त्यावरून धावण्याची योग्य रेषाही चांगली ओळखतात, हा अनुभव खोटा नाही, आणि डांबराच्या समर्थकांनी या मुद्द्याकडे पुरेसे लक्ष दिले असे म्हणता येत नाही.

तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णय योग्य होता, आणि त्याचे कारण ट्रॅक कोण वापरू शकतो यात आहे. डांबर पडताच त्याच फेऱ्यात सायकलबरोबर स्केटबोर्ड, स्कूटर, रोलर स्केट आणि काही ठिकाणी व्हीलचेअरही फिरू लागल्या. तीन वर्षांचे मूल पॅडल नसलेल्या सायकलवर आणि राष्ट्रीय स्तरावरचा शर्यतपटू एकाच दुपारी एकच उंचवटा वापरतात, हे मातीवर क्वचितच घडत असे. पाऊस थांबून पृष्ठभाग वाळला की तासाभरात ट्रॅक तयार असतो. मुख्य म्हणजे, परक्या माणसाने येऊन तो बिघडण्याची भीती राहिली नाही, म्हणून त्याचा पत्ता लपवण्याचेही कारण उरले नाही. शहराच्या नकाशावर ट्रॅक उघडपणे दिसू लागला तो त्यानंतर.

हे काम रस्त्याच्या डांबरीकरणासारखे दिसले तरी तसे नाही. खडीचा पाया आकारात दाबून घ्यावा लागतो आणि खोलगट भागांत पाणी साचू नये म्हणून निचऱ्याची सोय आधीच करावी लागते. कललेल्या वळणांवर मोठा रोड रोलर चढत नाही, त्यामुळे गरम मिश्रण थंड होण्याआधी दाताळ्यांनी पसरून हातयंत्रांनी दाबले जाते. दोन सेंटिमीटरचा चुकीचा फुगवटाही चाकाला जाणवतो. म्हणूनच सामान्य रस्ते कंत्राटदाराने केलेला ट्रॅक आणि चालवणाऱ्यांनी केलेला ट्रॅक पहिल्याच फेरीत वेगळे ओळखू येतात. प्रवासात वेळ कमी असेल तर बांधणारे कोण होते हे आधी पाहणे उपयोगी पडते.

पुढचा विस्तार वेगाने झाला. २०१८ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील स्प्रिंगडेल येथे जागतिक स्पर्धेची पहिली अंतिम फेरी झाली आणि २०१९ मध्ये ती बर्न येथे भरली. २०२१ मध्ये लिस्बन येथे या प्रकाराला सायकलिंगच्या जागतिक महासंघाच्या अधिकृत विश्वविजेतेपदाचा दर्जा मिळाला. पुढची फेरी २०२२ मध्ये चिलीची राजधानी सांतियागो येथे झाली. पात्रता फेऱ्या बऱ्याचदा शहरांच्या नेहमीच्या सार्वजनिक ट्रॅकवरच होतात, त्यामुळे विश्वविजेता ज्या वळणावर धावला त्याच वळणावर दुसऱ्या दिवशी कोणीही जाऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल आणि शेजारच्या लेसोथोतही डांबरी ट्रॅक झाले आहेत. स्केटबोर्ड २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दाखल झाले. पंप ट्रॅकला तिथे अजून स्थान नाही.

पालिका पुढे येण्यामागे कायद्याचाही वाटा होता. १९७० च्या दशकातील अमेरिकेतील कितीतरी स्केटपार्क विम्याच्या खर्चापायी बंद पडले. कॅलिफोर्नियाने १९९७ मध्ये स्केटबोर्डिंगला धोकादायक क्रीडाप्रकारांच्या यादीत घालून अपघाताबाबतची पालिकांची जबाबदारी मर्यादित केली, आणि २०१५ मध्ये तोच विचार चाकांच्या इतर साधनांपर्यंत वाढवला. हेल्मेटची सक्ती ही या सवलतीची अट आहे, हे तिथे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सायकलस्वारांसाठी हेल्मेट १९९० च्या दशकापासून एरवीच बंधनकारक आहे.

आज अडचण येते ती ट्रॅक नसल्यामुळे नव्हे, तर नोंदी सरमिसळ झाल्यामुळे. नकाशावर एकच ट्रॅक कुठे स्केटपार्क, कुठे बीएमएक्स, तर कुठे केवळ क्रीडांगण म्हणून नोंदलेला असतो. आल्प्समध्ये बाइक पार्क असे लिहिलेली जागा बहुधा रोपवेच्या पाळण्याने वर जाऊन उतरण्याची, तिकिटाची असते. तिथे स्केटबोर्ड घेऊन गेलेल्याची निराशा होते. अशा वेळी उपग्रहचित्र पाहावे : काळी, वळणे घेत स्वतःकडे परतणारी पट्टी आणि तिच्यावरील सावल्यांची नियमित रांग दिसली की शंका उरत नाही. एक अपवाद मात्र स्वित्झर्लंडमध्ये वारंवार भेटतो. तेथील काही कँटन (प्रांत) सुट्या भागांचे जोडट्रॅक गावांना आणि शाळांना काही आठवड्यांसाठी देतात आणि मग पुढच्या गावी हलवतात. अशा ट्रॅकचे छायाचित्र खरे असले तरी ट्रॅक आता तिथे असेलच असे नाही, त्यामुळे त्या गावाच्या पालिकेने जाहीर केलेली तारीख पाहूनच निघावे.