टेकडी चढणारं पाणी

प्राचीन ग्रीकांना पाणी डोंगरावर चढवायची गुप्त विद्या अवगत होती, असा मेसेज परवा फिरत फिरत माझ्याकडे आला. सोबत पर्गमॉनचा फोटो. विद्या होती हे खरं, पण ती गुप्त नाही. आपला गवंडी तीच रोज वापरतो.

पर्गमॉन हे प्राचीन ग्रीक शहर म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं बेर्गामा. तिसऱ्या ॲटलस राजानं इ.स.पू. १३३ मध्ये मरताना मृत्युपत्रानं राज्य रोमला देऊन टाकलं आणि पुढे त्याचा 'आशिया' हा रोमन प्रांत झाला. त्याआधी, दुसऱ्या युमेनिस राजाच्या काळात, टेकडीवरच्या या राजधानीला डोंगरातून ४० किलोमीटरहून लांब वाटेनं पाणी आणलं गेलं. मातीच्या नळांतून ते उताराउतारानं समोरच्या डोंगरावरच्या हौदात यायचं. तिथून बालेकिल्ल्यापर्यंत मात्र मध्ये खोल दरी.

गवंडी पाण्यानं भरलेल्या नळीची दोन टोकं दोन भिंतींना लावतो. मधली नळी जमिनीवर लोळत असते, तरी दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. पर्गमॉनची नळी होती सुमारे तीन किलोमीटरची. हौद बालेकिल्ल्याहून साधारण ४० मीटर उंच होता, आणि ते हवंच. पातळी सारखी असती तर पाणी पोचलं असतं, पण वाहिलं नसतं. नळातलं घर्षण भागवायला ही उंची खर्ची पडते. मंत्र नाही, चुंबक नाही.

खरी कसोटी दरीच्या तळाशी. दर १० मीटर खोलीला हवेच्या दाबाइतकी भर पडते. तळ हौदाच्या सुमारे २०० मीटर खाली, म्हणजे दाब वीसपट, दर चौरस सेंटिमीटरला २० किलो! मोटारीच्या टायरच्या साधारण दहापट. हा दाब फक्त खोलीवर ठरतो, नळाच्या रुंदीवर नाही. नळ फुटेल का, हे मात्र रुंदीवरही ठरतं. भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. रुंदी दुप्पट केली तर भिंतही दुप्पट जाड हवी. शिवाय प्रत्येक वळणावर पाणी नळाला बाहेर ढकलतं आणि सांधे उघडू पाहतं.

म्हणून इथे नळ धातूचा होता. तो आज जागेवर नाही, पण त्या वाटेवरच्या मातीत शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. नळ ज्यांतून ओवला होता ते भोकांचे जड दगडही सापडले आहेत. नळाला जागचं हलू न देणं हेच त्यांचं काम.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीलाही याच तत्त्वानं पाणी येतं. डोंगरातून मातीच्या बंद नळांतून येऊन ते शेवटी उंच भिंतीत वर चढतं आणि हौदात कोसळतं.