रांगतं बाळ आणि कीथ हॅरिंगची चित्रलिपी

अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंगचं रांगतं बाळ आज टी-शर्टांवर आणि बुटांवर इतकं दिसतं की ती एक गोंडस नक्षी वाटावी. मुळात ते एका चित्रलिपीतलं अक्षर आहे, आणि ही लिपी आधी कागदावर, शाईत घडली.

१९५८ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या कीथला कार्टून काढायला वडिलांनी शिकवलं. १९७७ मध्ये पिट्सबर्गला त्याने बेल्जियन चित्रकार पिएर अलेशिन्स्कीचं मोठं प्रदर्शन पाहिलं. पूर्वेकडच्या सुलेखनातून आलेली, हाताच्या वेगावर विसंबलेली रेघ तिथे त्याच्या मनात ठसली. पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये दाखल झाला. तिथे चिन्हशास्त्राशी, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा घडतो याच्या अभ्यासाशी, ओळख झाली.

१९८० च्या उन्हाळ्यात त्याच्या रेखाटनांत उडत्या तबकड्या आल्या. तबकडीचा किरण ज्याच्यावर पडेल, तो माणूस असो वा जनावर, त्याच्याभोवती आखूड रेघा उमटतात. त्याच्यात काहीतरी शक्ती शिरली, असं त्या सांगतात. माझ्या मते हॅरिंगचं सगळं व्याकरण या रेघांत आहे. काना-मात्रेने अक्षर बदलावं तशा त्या आकृतीचा अर्थ बदलतात: बाळाभोवती तेज, कुत्र्याच्या तोंडापुढे भुंकणं, नाचणाऱ्याच्या हातापायांशी हालचाल.

पण तेज आणि किरणोत्सार यांची रेघ एकच. १९७९ साली त्याच्याच राज्यात, थ्री माइल आयलंडला अणुभट्टीचा अपघात झाला होता. १९८२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्रविरोधी सभा भरली, तेव्हा हॅरिंगने पदरच्या पैशाने २०,००० पोस्टर छापून फुकट वाटली. त्यावर हेच बाळ आहे, अणुस्फोटाच्या ढगात. म्हणून त्याला केवळ निरागसतेचं प्रतीक म्हणणं मला अपुरं वाटतं.

दरम्यान तो भुयारी रेल्वेच्या स्थानकांत उतरला होता. मुदत संपलेल्या जाहिरातींवर तिथे काळा कागद चिकटवत. त्यावर तो पांढऱ्या खडूने चित्रं काढी. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडलं. पेन्सिलने आधी आखून घ्यायला वेळच नसे आणि चुकलेली रेघ पुसताही येत नसे. शाईने लावलेली सवय इथे कामी आली. १९८५ पर्यंत हे चाललं.

१९८८ मध्ये एड्सचं निदान झालं आणि लिपीत नवं अक्षर आलं, शिंगं असलेला शुक्राणू. १९८९ च्या एड्सविषयक पोस्टरवर त्याने तीन आकृत्या काढल्या, आपल्या ओळखीच्या तीन माकडांसारख्या. १९९० च्या फेब्रुवारीत, ३१ व्या वर्षी, तो गेला. त्या तिघांना त्याने डोळे, कान, तोंड काढलेलंच नाही. हात कुठे आहेत यावरूनच काय झाकलंय ते कळतं.