धोकादायक इमारत (मुंबई)

धोकादायक इमारत : जी इमारत किंवा जिचा एखादा भाग कोसळण्याच्या बेतात आहे आणि त्यामुळे आत राहणाऱ्याच्या, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या किंवा नुसत्या जवळून जाणाऱ्याच्याही जिवाला धोका आहे, अशी इमारत. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ ने हीच व्याप्ती धरली आहे. त्यामुळे घरे आतून ठणठणीत दिसत असली, तरी सज्जाचा तुकडा पदपथावर पडण्याची भीती असेल तर महापालिका नोटीस काढू शकते. शहर भागातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची जबाबदारी म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर हे मंडळ सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते.

जुनी इमारत म्हणजे धोकादायक आणि नवी म्हणजे सुरक्षित, हा समज मुंबईत फार खोलवर रुजला आहे आणि तोच अनेकांच्या जिवावर बेतला आहे. गिरगावातली शंभरी ओलांडलेली चाळ वेळच्या वेळी लाकूड बदलले, गळती थांबवली तर नीट उभी राहते. याउलट डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत १९८० च्या सुमाराची, आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रिटची, आणि खुद्द महापालिकेच्या मालकीची होती. तिथे महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी ती कोसळली आणि ६१ माणसे गेली. इमारतीचे वय ही चौकशीची सुरुवात असते. खरा प्रश्न असतो तो गच्चीपासून पायापर्यंत वजन वाहून नेणारी साखळी कुठे तुटली आहे का, हा.

इमारत खचते कशी

जुन्या मुंबईतल्या बहुतेक चाळी आणि इमारती म्हणजे सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे चुन्यातल्या विटांचे बांधकाम. सागवान सहजी कुजत नाही. पण तुळईचे जे टोक भिंतीत पुरलेले असते तिथे हवा पोहोचत नाही, ओल मात्र पोहोचते. बाहेरून रंग दिलेली, हाताला घट्ट लागणारी तुळई भिंतीच्या आतल्या वीतभर भागात भुसा झालेली असते. वरून वाळवी लागली तर विचारायलाच नको. सर्वांत आधी खचतो तो मागच्या बाजूचा मोरी-शौचालयांचा भाग. तिथे बारमाही पाणी, गळके बिडाचे पाइप आणि त्यांच्या सांध्यांत रुजलेला पिंपळ. पिंपळाचे रोप वरून छाटले की काम झाले असे रहिवाशांना वाटते, पण मूळ भिंतीतच राहते आणि दर पावसाळ्यात विटा अलग करत जाते.

यात भर पडते ती वजनाची. गच्ची गळते म्हणून जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा. घरात जुन्या लाद्यांवर नव्या लाद्या. माणसे वाढली म्हणून पोटमाळा. पाणी कमी दाबाने येते म्हणून प्रत्येकाची गॅलरीत स्वतःची टाकी. हजार लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचे वजन एक टन होते. ही कामे करणारा प्रत्येक जण स्वतःपुरता बरोबरच असतो. सगळ्यांच्या कामांची बेरीज मात्र कोणी मांडत नाही.

आरसीसी इमारतीचा रोग वेगळा, तो म्हणजे सळईला लागणारा गंज. ताजे काँक्रिट अल्कधर्मी असते आणि त्या गुणामुळे आतली सळई गंजापासून वाचते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून हा गुण मारतो. समुद्रावरून येणारे क्षारही सळईवरचे संरक्षण फोडतात. वांद्र्याच्या, वरळीच्या किनाऱ्यावरच्या इमारती तुलनेने लवकर कुरतडल्या जातात त्या यामुळे. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून सळई आतूनच काँक्रिटला ढकलते. आधी खांबाच्या कोपऱ्यावर सळईच्या रेषेतच उभी बारीक चीर दिसते, मग तपकिरी डाग, मग पोपडा सुटून गंजलेली सळई उघडी पडते. या टप्प्यावर वरून गिलावा मारून रंग देणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने फक्त दुखणे झाकले जाते आणि पुढच्या तपासणीत ते सापडायला आणखी उशीर होतो.

तिसरे कारण माणसाच्या हातचे आहे आणि मला ते सर्वांत अक्षम्य वाटते : तळमजल्यावरची तोडफोड. दुकान, गोदाम किंवा दवाखान्यासाठी मोकळी जागा हवी म्हणून भिंत काढायची, खांब तासायचा, प्रसंगी तो कापायचाच. वरच्या मजल्यांचे सगळे वजन तळमजल्याच्या खांबांवर येते, त्यामुळे तिथला एक खांब दुबळा झाला की शेजारच्या खांबांवर त्यांच्यासाठी कधीच न धरलेला भार पडतो. घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली आणि १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चाललेले फेरबदल त्याला कारणीभूत असल्याचा आरोप ठेवला गेला. बाबू गेनू इमारतीच्या बाबतीतही तळमजल्यावरच्या गोदामातल्या बदलांवर बोट ठेवले गेले होते. ज्या इमारतीत तळमजल्याला हातोड्याचे आवाज ऐकू येतात, तिथल्या वरच्या रहिवाशाने खाली जाऊन विचारणे हा भोचकपणा नाही.

शेजारच्या प्लॉटवर खोल खोदकाम सुरू झाल्यावर पायाखालची माती सरकणे, आगीत तापून काँक्रिट आणि सळईचा जोर जाणे, डोंगरउतारावर संरक्षक भिंतीला टेकून घरे असणे, हीही धोक्याची कारणे आहेत. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहण्याची महापालिकेची परवानगी, नसलेल्या इमारतीचा प्रश्न याहून निराळा. तिथे राहणे बेकायदा असते, पण तेवढ्यावरून ती पडायला आली आहे असे ठरत नाही.

तपासणी आणि वर्गवारी

३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे रोजच्या बोलण्यातले स्ट्रक्चरल ऑडिट, महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार बंधनकारक आहे. त्यानंतर दर १० वर्षांनी ते पुन्हा करावे लागते. ते महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच व्हावे लागते.

चांगला इंजिनिअर आधी हातोडीने ठोकत फिरतो. सुटलेल्या प्लास्टरचा आवाज पोकळ येतो. मग यंत्रे येतात. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरी काँक्रिटमधून पाठवून त्यांचा वेग मोजतात. भारतीय मानकाच्या जुन्या कोष्टकानुसार तो सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रिट उत्तम, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद. हाफ-सेल चाचणीत सळई गंजत असण्याची शक्यता किती हे समजते. सर्वांत बोलकी चाचणी मात्र फिनॉल्फ्थॅलिनची. ताज्या फोडलेल्या काँक्रिटवर ते फवारले की निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि कार्बनने मारलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर सळईचे कवच गेले, हे रहिवाशालाही डोळ्यांनी दिसते. प्रत्येक सोसायटीने ही चाचणी सभासदांसमोर करून घ्यावी.

अहवालावरून इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक. तत्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ ए मध्ये रहिवाशांना बाहेर काढून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणे अपेक्षित असते. सी-२ बी मध्ये लोक राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती करता येते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

खरी अडचण सी-१ आणि सी-२ बी यांच्या सीमेवर आहे. मालकाने आणलेला अहवाल म्हणतो पाडा, रहिवाशांनी आणलेला म्हणतो दुरुस्त करा. दोघांचेही हितसंबंध उघड असतात. असे परस्परविरोधी अहवाल आले की महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आहेत. कुर्ल्याच्या नाईकनगरमधली इमारत आधी सी-१ मध्ये होती. नंतर नव्या ऑडिटच्या आधारे ती सी-२ बी मध्ये आली आणि कुटुंबे तिथेच राहिली. २७ जून २०२२ च्या रात्री ती कोसळून १९ जण दगावले.

पुढच्या वर्षीच्या ऑडिटची वाट पाहू नये अशीही लक्षणे असतात. काल नीट लागणारे दार आज अडकणे, जुनी चीर रुंदावणे, तुळई किंवा स्लॅब खाली झुकलेला दिसणे, खांब फुगणे, भिंतीतून कटकट असा आवाज येणे, थांबून थांबून माती गळत राहणे. अशा वेळी सामान आवरत बसू नये. आधी माणसे बाहेर काढावीत, आणि मग महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाला १९१६ वर किंवा अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. चीर वाढते आहे का, हे पाहायला तिच्यावर काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धत आहे. चीर हलली की काच तडकते. ती मंद गतीच्या दुखण्यासाठी आहे, वरील लक्षणे दिसू लागल्यावर नाही.

लोक बाहेर का पडत नाहीत

भाड्याच्या कायद्याचा इतिहास बाजूला ठेवून मुंबईतला हा प्रश्न समजत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना छप्पर मिळाले, पण त्या भाड्यात मालकाने दुरुस्ती करणे थांबवले. इमारती पडू लागल्यावर १९६९ मध्ये कायदा होऊन दुरुस्ती मंडळ आले आणि रहिवाशांकडून दुरुस्तीसाठी उपकर घेणे सुरू झाले. मुळात अशा १९,६४२ इमारती होत्या, आणि त्यांतल्या १६,५०२ म्हणजे बहुसंख्य इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या.

नोटीस आल्यावर रहिवासी मजबूत-कमकुवत याचा हिशेब करत नाही, तो परत येण्याचा हिशेब करतो. मुगभाट किंवा काळाचौकीच्या पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या खोलीतून उठून गोरेगावच्या, मालवणीच्या किंवा प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात जायचे, तर मुलांची शाळा, बायकांचे काम, म्हाताऱ्यांचा डॉक्टर सगळेच सुटते. शिबिरात 'तात्पुरते' गेलेल्यांची पुढची पिढी तिथेच वाढली, अशी कुटुंबे प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. मूळ जागी घर मिळूच न शकणाऱ्यांसाठी म्हाडाला वेगळी बृहत्सूची, म्हणजे अशा भाडेकरूंची यादी, ठेवावी लागते. हे दिसत असताना लोक टेकू लावलेल्या घरात राहतात याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत धोकादायक ठरली होती, काही कुटुंबे हललीही होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुसळधार पावसानंतर ती पडली तेव्हा आत असलेली तीसहून अधिक माणसे मेली.

म्हणून इमारत रिकामी करताना प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ मोजून, ती कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद करून घेणे हे पाणी-वीज तोडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हाडा कायद्यात नंतर घातलेल्या कलम ७९-अ नुसार धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी मालकाला सहा महिने मिळतात. त्याने तो दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने. तेही जमले नाही तर जागा संपादित करून म्हाडा स्वतः इमारत बांधू शकते. क्षेत्रफळाचा सही-शिक्क्याचा कागद हातात नसलेल्या भाडेकरूला मात्र या तिन्ही वाटांवर आपली खोली केवढी होती हे नव्याने सिद्ध करावे लागते.