सव्वा महिन्याची बाज आणि रक्ताची गुठळी

आमच्या मराठवाड्यात बाळंतीण सव्वा महिना बाजेवर असते. खोलीचं दार लोटलेलं, बाजेखाली शेगडी, डोक्याला फडकं, पाणी बेताचं आणि तेही कोमट. उठणं न्हाणीपुरतं. बाळंतपणानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या ६ आठवड्यांत, म्हणजे ४२ दिवस. सव्वा महिना आणि हे ४२ दिवस जवळजवळ एकच. जपायचा काळ आपल्या म्हाताऱ्या बायकांनी नेमका ओळखला होता. जपायची रीत मात्र, कमी पाणी आणि पडून राहणं, गुठळीला पोषक आहे.

लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेलं आठवतं: अमकी बाळंतपणात गेली, एक पाय सुजून भरला होता, दोन दिवसांनी दम लागला आणि बसल्या जागी संपली. लोक म्हणाले, वारं शिरलं. यात हसण्यासारखं काही नाही. युरोपातले डॉक्टरही १८व्या शतकात अशा पायाला ‘दुधाचा पाय’ म्हणत. अंगावरचं दूध पायात उतरलं असं त्यांना वाटे. मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट यांनी १७८४ मध्ये या सुजेवर लिहिलं आणि दुधाची कल्पना नाकारली, पण खरं कारण त्यांच्याही हाती लागलं नाही. पुढचा धागा जुळवला जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी, १८४० च्या दशकात. पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटून रक्तासोबत फुफ्फुसात जाऊन अडकते, हे त्यांनी दाखवून दिलं. पाय भरणं आणि दम लागणं हे एकाच दुखण्याचे दोन टप्पे निघाले.

गरोदरपणात हे का होतं? बाळंत होताना रक्त वाहून बाई दगावू नये म्हणून शरीर आधीपासूनच रक्त गोठण्याची तयारी वाढवतं. त्यात वाढलेलं गर्भाशय पोटातल्या शिरा दाबतं. डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर उजवीकडच्या धमनीखालून जाते, ती जास्त दबते. म्हणून गरोदरपणातली पायाची गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात सापडते. हजार गरोदर बायांमध्ये एक-दोघींना गुठळी होते. आकडा लहान वाटतो, पण त्याच वयाच्या इतर बायांच्या मानाने तो ४ ते ५ पट आहे.

यात काही घराण्यांचा धोका आणखी मोठा. रक्त गोठवणारी यंत्रणा जशी शरीरात असते तसे तिला आवर घालणारे ब्रेकही असतात. नॉर्वेच्या ओलाव एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या गुठळ्या होताना पाहिल्या आणि त्यांच्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचा ब्रेक कमी असल्याचं दाखवलं. १९८१ मध्ये प्रोटीन सी आणि १९८४ मध्ये प्रोटीन एस या आणखी दोन ब्रेकांच्या कमतरतेची कुटुंबं सापडली. १९९४ मध्ये नेदरलँड्सच्या लायडन शहरात फॅक्टर पाच या रक्त गोठवणाऱ्या घटकातला जनुकीय बदल ओळखला गेला, म्हणून त्याचं नाव फॅक्टर फाइव्ह लायडन. युरोपात हा दोष बराच आढळतो, आपल्याकडे तो विरळ. तपासण्यांची पाश्चात्त्य यादी जशीच्या तशी उचलून इथल्या बाईच्या हातात देणं मला म्हणूनच पटत नाही. आणखी एक: प्रोटीन एस गरोदरपणात आपोआपच उतरतं. पोटुशी असताना ही चाचणी केली तर निरोगी बाईही दोषी ठरू शकते.

औषधाची गोष्ट एका मेलेल्या कालवडीपासून सांगता येते. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्त वाहून मरत होती. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि किटलीभर न गोठणारं रक्त घेऊन रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या रक्ताच्या शोधातून पुढे वॉर्फरिन आलं. आधी उंदराचं विष म्हणून, मग १९५४ पासून माणसाचं औषध म्हणून. गोळी स्वस्त आणि सोपी. पण ती वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, पलीकडे बाळापर्यंत पोचते. पहिल्या तिमाहीत तिच्यामुळे बाळाच्या नाकाची आणि हाडांची वाढ बिघडू शकते, पुढेही बाळाला रक्तस्रावाचा धोका राहतो.

उत्तर त्याआधीच सापडलेलं होतं. १९१६ मध्ये बाल्टिमोरला जेय मॅकलीन या विद्यार्थ्याला रक्त गोठू न देणारा पदार्थ मिळाला; त्यातूनच हेपॅरिन पुढे आलं. ते वार ओलांडत नाही, बाळाला लागत नाही. फक्त दिवसातून दोन-तीनदा टोचावं लागे. १९८० च्या दशकात त्याचे लहान रेणू, म्हणजे एनोक्सापॅरिनसारखी औषधं वापरात आली आणि दिवसाला एक सुई पुरू लागली. भरलेली छोटी सिरिंज, पोटाच्या कातडीची चिमटीत धरलेली घडी, सुई सरळ आत, नंतर चोळायचं नाही. खेड्यातल्या बायाही हे आठवडाभरात शिकतात. ज्यांना आधी गुठळी झाली आहे किंवा अँटिथ्रॉम्बिन कमी आहे, त्यांना ही सुई बहुधा गरोदरपणाच्या सुरुवातीपासून बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत लागते. सौम्य दोष असेल तर कधी फक्त बाळंतपणानंतर, कधी नुसतीच देखरेख. पाठीत भूल द्यायची असेल तर आदल्या डोसानंतर किमान १२ तास जाऊ द्यावे लागतात. म्हणून कळा सुरू झाल्या की दवाखान्यात पहिलं वाक्य सुईचं सांगायचं.

ही सुई गर्भ टिकावा म्हणूनही सर्रास दिली जाते, आणि त्यासाठी घरातलं सोनं गहाण पडलेलं मी पाहिलंय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलाइफ-२ या मोठ्या चाचणीत, अनुवंशिक दोष आणि वारंवार गर्भपात असलेल्या बायांना हेपॅरिन देऊन जिवंत बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमची, म्हणजे शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे रक्त गोठू लागतं त्या आजाराची, गोष्ट निराळी. तो दोष जन्मजात नसतो, आणि तिथे अ‍ॅस्पिरिनसोबत हेपॅरिन देतात. दोन्हींची गल्लत करू नये.

आपल्याकडची खरी अडचण मला वेगळीच दिसते. दवाखान्यात सुनेसोबत सासू येते. ‘घरात कुणाला गुठळी झाली होती का?’ या प्रश्नाला ती सासरचं उत्तर देते. दोष असतो माहेरच्या रक्तात: आईकडून आलेला, नाहीतर वडिलांकडून. हे दोष बहुतेक करून एकाच पालकाकडून येतात आणि प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मामाच्या पोरीशी लग्न झालं असेल तर एकच दोष दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. प्रोटीन सीचा दोष दोन्हीकडून आला, तर बाळाला जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसांत कातडीवर काळेनिळे डाग पडतात आणि जिवावर बेततं. म्हणून तो प्रश्न पोरीच्या आईला, मावशीला, आत्याला विचारायचा. तोही त्यांच्या शब्दांत: कुणाचा एकच पाय भरला होता का, कुणी ओल्या बाळंतपणात दम लागून गेलं का?

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. बाळाचं वजन करते, नाळ बघते. बाळंतीण तिथेच बाजेवर पाय पांघरून बसलेली असते. पांघरूण सारून दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहायला अर्धं मिनिट लागतं.