शार्कसंरक्षणाचे मासेमारी नियम (ठाणे व नवी मुंबई)

संकटग्रस्त शार्क जाळ्यातून व बाजारातून वाचवण्यासाठी असलेले कायदे व योजना. मुख्य आधार केंद्राचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. राज्याच्या सागरी हद्दीतली मासेमारी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार चालते. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याला खुला समुद्र उरला तो भाईंदरजवळच्या उत्तनच्या बाजूला. दिवाळे, सारसोळे, चेंदणी हे कोळीवाडे खाडीच्या आतले. मोठा शार्क जाळ्यात येण्याची शक्यता उत्तनच्या बोटींनाच जास्त.

मे २००१ मध्ये व्हेल शार्क कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आला. असे संरक्षण मिळालेला तो देशातला पहिला मासा. गुजरातेत त्याची शिकार होई. यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडत. त्याच वर्षी जुलैत सरकारने सरसकट सगळ्या शार्कांवर आणि पाकटांवर (शार्कच्या नात्यातले चपटे मासे) बंदी घातली. मच्छीमारांच्या विरोधापुढे ती टिकली नाही आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. त्यात पाँडिचेरी शार्क, गंगेचा शार्क आणि करवत मासेही होते. २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. शार्कचे पर कापून धड समुद्रात फेकण्यास २०१३ पासून मनाई आहे, परांची निर्यात २०१५ पासून बंद.

बाजारात रोज दिसणारी लहान मुशी (छोट्या जातीचा शार्क) या यादीत नाही. बाळंतिणीला दूध यावे म्हणून जिचे कालवण देतात ती हीच. तिच्या विक्रीला आडकाठी नाही. अडचण ओळखीची आहे. डोके छाटून, कातडे सोलून विकायला ठेवलेले पिल्लू कोणत्या जातीचे, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. कानमुशी (हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क) डोक्यावरून लगेच ओळखू येते, पण डोके असेल तर.

शिवाय वावरी (भिंतीसारखे सोडलेले जाळे) किंवा डोल (पिशवीसारखे जाळे) मासा निवडून पकडत नाही. संरक्षित मासा अडकला तर कैदेच्या भीतीने नाखवा (बोटीचा प्रमुख) गप्प बसतो, मेलेला मासा गुपचूप पाण्यात जातो आणि नोंद होत नाही. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या वन व मत्स्यव्यवसाय विभागांनी आणलेली भरपाई शिक्षेपेक्षा अधिक कामाची ठरते. संरक्षित प्राणी जाळे कापून सोडला, त्याचे फोटो किंवा व्हिडिओ दिले, की जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. अख्ख्या वावरीची किंमत याहून बरीच जास्त असते, हेही खरे.

१ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी शार्कसाठी आखलेली नाही. मुशीची वीण वर्षभर चालते, त्यामुळे दोन महिन्यांचा तिला थोडाच उपयोग. खाडीतल्या बिगरयांत्रिक होड्यांना तर ती बंदी लागूच होत नाही.