डोळ्यांपुढे तरंगणारे ठिपके: कोणते सोडून द्यावेत, कोणते नाहीत

स्वच्छ आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहताना डोळ्यांपुढे कधी एखादा पारदर्शक दोरा, कधी जाळीचा तुकडा, कधी नुसतं टिंब तरंगताना दिसतं. नीट पाहायला नजर वळवावी तर ते पुढे पळतं. नजर थांबवली की तेही थोडं पुढे जाऊन सावकाश खाली उतरतं. मोतीबिंदू सुरू झाला, असं अनेकांना वाटतं आणि ते मनातल्या मनात घाबरून जातात. मोतीबिंदू डोळ्याच्या भिंगात होतो आणि त्यात समोरचं सगळंच धूसर होत जातं. हे ठिपके त्यामागच्या पोकळीतले आहेत.

ही पोकळी काचद्रव नावाच्या पारदर्शक जेलने भरलेली असते. जेमतेम 4 मिलिलिटर, आणि त्यातलंही 98 टक्क्यांहून अधिक पाणीच. बाकी असतात कोलॅजनचे अतिसूक्ष्म धागे आणि पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक आम्ल. वय वाढतं तसं हे जेल जागोजागी पातळ होतं, धागे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे पुंजके त्या पाण्यात हेलकावे खाऊ लागतात. आपल्याला दिसते ती पुंजक्याची दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर, पडलेली सावली. हात भिंतीजवळ धरला तर सावली रेखीव पडते, दूर नेला तर पुसट होते. तसाच जो पुंजका दृष्टिपटलाच्या जवळ असतो, तो जास्त ठळक दिसतो. भर उन्हात बाहुली आकसते, त्यानेही सावल्या अधिक स्पष्ट होतात. म्हणून घरात न जाणवणारा ठिपका गच्चीवर गेलं की लगेच दिसतो.

आकाशाकडे पाहताना आणखी एक गंमत दिसते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक चमकदार कण झपझप वळणं घेत जातात आणि क्षणात नाहीसे होतात. या असतात दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांमधून जाणाऱ्या आपल्याच पांढऱ्या रक्तपेशी. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, पांढऱ्या तो जाऊ देतात, म्हणून त्या चमकतात. बारकाईने पाहिलं तर त्यांचा वेग नाडीच्या ठोक्यांबरोबर कमी-जास्त होतो आणि नजरेच्या अगदी मध्यभागी एकही कण येत नाही, कारण तिथे केशवाहिन्याच नसतात. स्वतःच्या शरीरातलं रक्त वाहताना कुठल्याही उपकरणाशिवाय पाहता यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संगणकावर किंवा मोबाइलवर काम करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं आणि अश्रूंचा थर सुकतो. कोरड्या डोळ्यांतून उलट पाणी वाहतं, कारण ती जळजळीवरची प्रतिक्रिया असते. मुद्दाम पापण्या मिटत राहाव्यात, दर वीस मिनिटांनी थोडा वेळ लांब पाहावं. पापणी फडफडणं हेही बहुधा अपुरी झोप, ताण किंवा जास्त चहा-कॉफीचं लक्षण असतं. काही दिवसांत थांबतं. डोळ्यांत मध किंवा गुलाबपाणी घालू नये. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणणं तर त्याहून धोक्याचं, कारण त्यात स्टेरॉइड असलं आणि ते बरेच दिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

आता जिथे थांबून चालत नाही ते. साधारण पन्नाशीनंतर काचद्रव आकसून दृष्टिपटलापासून सुटतो. ज्यांना मोठा मायनस नंबर आहे किंवा ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यात हे लवकर घडतं. सुटताना दृष्टिपटल ओढलं जातं, आणि दृष्टिपटलाला प्रत्येक ओढ प्रकाश म्हणूनच कळते. त्यामुळे अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं दिसतं. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच संपते. काहींच्या दृष्टिपटलाला मात्र चीर पडते, तिच्यातून पाणी मागे शिरतं आणि पडदा सरकतो. अचानक ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखं वाटलं, चमक दिसू लागली किंवा एका बाजूने काळी सावली पुढे सरकू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. नुसती चीर असताना लेझरने तिच्या कडा चिकटवता येतात; पडदा सरकल्यावर शस्त्रक्रियाच लागते. यात दुखत अजिबात नाही, आणि म्हणूनच लोक सोमवारपर्यंत, पगारापर्यंत, लग्नघाई संपेपर्यंत थांबतात. मधुमेह असलेल्यांना नवे ठिपके दिसले तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो, त्यांनीही वाट पाहू नये.

तपासणीला जाताना कुणालातरी बरोबर घ्यावं. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास ऊन सहन होत नाही आणि जवळचं वाचता येत नाही, त्यामुळे स्वतः गाडी चालवत परतता येत नाही. सगळं ठीक निघालं तरी काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. त्या तारखेला जावंच, कारण चीर कधीकधी उशिराही पडते.