टीव्ही रेकॉर्ड करायला जुना कॉम्प्युटर पुरतो, कारण अवघड काम आधीच झालेलं असतं

घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करायचा म्हटलं की बहुतेकांना वाटतं भारी प्रोसेसर पाहिजे, ग्राफिक कार्ड पाहिजे, चाळीस-पन्नास हजार घालवायला पाहिजेत. काही गरज नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीत सेकंडहँड मिळणारा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप हे काम आरामात करतो, आणि का करतो ते कळलं की बाकीची जोडणी पण सोपी वाटायला लागते.

आधी जरा हिशेब बघा. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या चॅनलचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. प्रत्येक ठिपक्याला सरासरी १२ बिट धरले तर सेकंदाला जवळपास १२४ मेगाबिट होतात. पण आपल्या डिशवर येताना तोच चॅनल २-३ मेगाबिटमध्ये येतो. मधले चाळीसेक पट कुठे गेले? ते चॅनलवाल्यांच्या बाजूला दाबून काढलेले असतात. मागच्या चित्रातलं जे हललंच नाही ते परत पाठवायचं नाही, डोळ्याला जाणवत नाही ते बारीक तपशील टाकून द्यायचे, हे सगळं डोकेफोडीचं काम तिकडच्या मशीननी केलेलं असतं. आपल्या घरी येतो तो तयार, दाबलेला माल. तो फक्त डिस्कवर उतरवून घ्यायचा. ८ बिट म्हणजे १ बाइट, त्यामुळे ३ मेगाबिटनं तासाला १.३५ जीबी होतात, म्हणजे १ टीबीच्या जुन्या हार्डडिस्कवर सातशे तास बसतात. ती डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइट सहज लिहू शकते आणि आपण तिला अर्धा मेगाबाइट पण देत नाही, तिला ते कळणार सुद्धा नाही.

आता हा माल येतो कसा, हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. सॅटेलाइटवरच्या एका ट्रान्सपाँडरवरून (म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या एका यंत्रावरून) एकच चॅनल येत नाही, दहा-पंधरा चॅनल एकत्र कालवून येतात. सगळा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पॅकेटमध्ये तोडलेला असतो आणि प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर एक नंबर असतो, त्याला पीआयडी म्हणतात. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला एकाच गाडीतून चार शेतकऱ्यांचे रवे (ढेपा) आले तर ज्याच्या-त्याच्या खुणेवरून वेगळे लावतात, तसंच इथं नंबर बघून पॅकेट वेगळी काढायची. ० नंबरच्या पॅकेटमध्ये यादी असते की या प्रवाहात कोणकोणते चॅनल आहेत, त्या यादीवरून पुढची यादी सापडते आणि त्यात लिहिलेलं असतं की अमुक चॅनलचं चित्र या नंबरवर, आवाज त्या नंबरवर. सेकंदाला वीस-पंचवीस हजार पॅकेट येतात, पण नंबर बघून घ्यायचं का सोडायचं एवढंच ठरवायचं असल्यामुळे प्रोसेसरला हे काहीच नाही. आणि याचा एक मस्त फायदा म्हणजे एका ट्यूनरवर (कॉम्प्युटरला जोडायचं, सिग्नल पकडणारं कार्ड किंवा डबी), एकाच ट्रान्सपाँडरवरचे तीन-चार चॅनल एकाच वेळी रेकॉर्ड होतात, कारण माल तर सगळाच आलेला असतो.

मग कोल्हापुरात बसून रेकॉर्ड काय करता येईल? पूर्वी दूरदर्शन अँटेनावर यायचं, ते जुनं अॅनालॉग प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडेच बंद झालंय, त्यामुळे अँटेनाचा नाद सोडा. खाजगी डीटीएचचे सिग्नल कुलूपबंद असतात, किल्ली त्यांच्या सेट टॉप बॉक्समध्ये आणि कार्डमध्ये, त्यामुळे कॉम्प्युटरच्या ट्यूनरला पॅकेट मिळतात पण चित्र उघडत नाही. त्यांच्या रेकॉर्डिंगवाल्या बॉक्समधली फाइल पण सहसा त्याच बॉक्सवर चालते. राहतं ते डीडी फ्री डिश, म्हणजे २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झालेली दूरदर्शनची सेवा. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री आहे, डीडी नॅशनल आहे, डीडी स्पोर्ट्स आहे, आणि बिनकुलपाचे इतर बरेच चॅनल. घरच्यापुरतं रेकॉर्ड करून बघायला एवढं भरपूर झालं (नेटवर चढवायचं मात्र नाही, ते हक्क आपले नसतात).

फ्री डिश येतं जीसॅट-१५ या इस्रोच्या उपग्रहावरून, तो २०१५ च्या नोव्हेंबरात सोडला आणि विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर थांबलेला असतो. आपलं कोल्हापूर ७४ च्या थोडं पुढं, म्हणजे तो आपल्या पूर्वेला आणि दक्षिणेला. हिशेब केला तर छत्रीची, म्हणजे डिशची, दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखं फिरत साधारण १२९ अंश येते, म्हणजे आग्नेय, महाद्वार रोडवरून बघितलं तर ढोबळमानानं विद्यापीठ-उजळाईवाडीच्या अंगाला. आणि उंची क्षितिजापासून ६० अंश. उंची एवढी असल्यामुळे शेजारची इमारत किंवा नारळ फारसा आड येत नाही, हे आपलं नशीब. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, घरगुती छत्री ऑफसेट प्रकारची असते, तिचं तोंड जिकडं दिसतं त्याच्यापेक्षा ती बरंच वर बघत असते, त्यामुळे ६० अंश म्हणून छत्री आकाशाकडं पालथी झोपवू नका.

छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेला डबा म्हणजे एलएनबी. सिग्नल येतो ११ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि एवढी फ्रीक्वेन्सी साध्या केबलमधून गच्चीवरून हॉलपर्यंत येईस्तोवर मरून जाईल. म्हणून एलएनबी तिथंच त्यातून ९७५० मेगाहर्ट्झ वजा करतो, समजा ११०९० वरचा सिग्नल असेल तर खाली उतरताना तो १३४० होऊन येतो आणि तेवढा आरजी-६ केबलला पेलतो. गंमत म्हणजे ज्या केबलमधून सिग्नल खाली येतो त्याच केबलमधून एलएनबीला करंट वर जातो, १३ व्होल्ट दिले की तो उभ्या पोलरायझेशनच्या, म्हणजे उभ्या थरथरणाऱ्या लाटा घेतो आणि १८ दिले की आडव्या. हे व्होल्ट कॉम्प्युटरचा ट्यूनर देतो, म्हणून यूएसबी ट्यूनर घेतला तरी त्याचा वेगळा अॅडॅप्टर लावावाच लागतो, नुसत्या यूएसबीवर भागत नाही. ट्यूनर घेताना डीव्हीबी-एस२ वाला घ्या, ही सॅटेलाइट टीव्हीच्या डिजिटल सिग्नलची नवी पद्धत, आणि तो ट्यूनर जुनी डीव्हीबी-एस आणि नवी दोन्ही पकडतो. घरातला सेट टॉप बॉक्स पण चालू ठेवायचा असेल तर दोन आउटपुटचा एलएनबी लावून दोघांना वेगळ्या केबल द्या, एका केबलला टी मारून भांडणं लावू नका.

पाऊस. कोल्हापुरात याच्यावर बोलल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. ११ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेतीन सेंटिमीटर, पावसाचे मोठे थेंब काही मिलिमीटरचे, एवढा जवळचा आकार असला की थेंब ती लाट शोषतात पण आणि विखरून पण टाकतात. ३६,५०० किलोमीटर अंतरावरून आलेला सिग्नल शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये मार खातो. डिजिटलमध्ये पूर्वीसारखं हळूहळू मुंग्या येत नाहीत. प्रत्येक १८८ बाइटच्या पॅकेटला दुरुस्तीसाठी १६ जादा बाइट जोडलेले असतात आणि त्यांच्या जोरावर ८ चुकलेले बाइट परत बरोबर करता येतात. तेवढ्यापर्यंत चित्र एकदम स्वच्छ, आणि त्याच्या पलीकडं गेलं की चौकोन फुटतात, मग थेट काळोख. (डीव्हीबी-एस२ मध्ये दुरुस्तीची पद्धत वेगळी आणि जास्त तगडी आहे, पण कड्यावरून पडणं तसंच.) पावसाळा सोडून वर्षभर ६० सेंटिमीटरची छत्री चालते, पण रेकॉर्डिंग करणाऱ्यानं ९० चीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि सिग्नल पण तेवढाच जास्त गोळा होतो. बघताना दोन मिनिटं गेली तर आपण चहा घेतो, रेकॉर्डिंगमध्ये गेलेली पॅकेट मात्र कायमची गेली. आणि एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की केबल ट्यूनरपासून काढून ठेवा, गच्चीवरची तार थेट मदरबोर्डपर्यंत आलेली असते आणि वीज अंगावर पडायलाच पाहिजे असं नाही, जवळपास पडली तरी पुरे.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर लिनक्सवर टीव्हीहेडएंड घाला, फुकट आहे आणि ट्यूनर, चॅनल, टायमर सगळं तेच सांभाळतं. मिथटीव्ही पण आहे, २००२ पासूनचं, पण नवख्याला जरा जड जातं. विंडोज मीडिया सेंटर ज्यांना आवडायचं त्यांच्यासाठी विंडोज १० पासून ते निघून गेलंय, विंडोजवर राहायचंच असेल तर नेक्स्टपीव्हीआर बघा. टीव्हीवर दाखवायला कोडी (Kodi) नावाचं सॉफ्टवेअर. कार्यक्रमांचं वेळापत्रक पण सिग्नलबरोबरच येतं, त्याचा पीआयडी नंबर १८, पण कार्यक्रम पुढं-मागं होतातच, तेव्हा आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटं जादा धरा, मॅच असेल तर तासभर.

चालू टीव्ही थांबवून नंतर पुढं बघणं पण याच डिस्कच्या जिवावर. एकीकडं लिहिणं चालू राहतं, दुसरीकडं तुम्ही दहा मिनिटं मागून तीच फाइल वाचत असता.

विजेचा विचार करा. जुना डेस्कटॉप नुसता बसून ६० वॅट खातो, चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ४३ युनिट. म्हणून त्याला झोपवायचं आणि रेकॉर्डिंगच्या आधी उठवायचं. मदरबोर्डवरच्या बटणसेलवर चालणाऱ्या घड्याळाला गजर लावता येतो, हे काम टायमरवालं सॉफ्टवेअरच करतं. सेल जुना असेल तर आधी तो बदला, घड्याळ मागं पडलं की गजर पण चुकतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, त्यामुळे छोटा यूपीएस पाहिजेच.

थोडं जड काम लागतं ते बघताना. दाबलेला माल उलगडायचा असतो, शिवाय हे चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे आधी एकआड एक ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. जुन्या काचेच्या टीव्हीला हे चालायचं, आताचा स्क्रीन सगळ्या ओळी एकदम दाखवतो, म्हणून फुटबॉलमध्ये जोरात शॉट मारला की बॉलच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, कुस्तीत डाव टाकताना पैलवानाच्या हाताला पण तेच. प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा, आणि त्यात सेकंदाला ५० चित्रं करणारा पर्याय घ्या. पंचवीसवाला घेतला तर दाते जातात पण हालचाल तुटक होते आणि खेळ बघायची मजाच जाते.

जाहिराती कापायच्या असतील तर परत सगळी फाइल दाबायला लावू नका, तासन्‌तास जातात आणि चित्र आणखी खराब होतं. नुसतं कापून जोडणारी सॉफ्टवेअर मिळतात. फक्त कापताना हे बघा की साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र असतं आणि मधली सगळी त्याच्या आधारानं बनलेली असतात, त्यामुळे काप त्या पूर्ण चित्रावरच बसतो आणि जाहिरातीचा शेवटचा छोटासा तुकडा कधीकधी शिल्लक राहतो.